दोन पासपोर्ट, एक पिशवी

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या ज्या ट्रॅव्हल एजन्सीत मी दुपारचं काम करते, तिथे माझं टेबल दाराला लागून आहे. आत येणाऱ्याला आधी मीच दिसते, म्हणून लोक पहिला प्रश्न मला विचारतात. उत्तर मला येत असो वा नसो. सुरुवातीला याची मला फार धास्ती वाटायची. कॉलेजात मी वर्गात हात वर करत नाही, उत्तर माहीत असलं तरी करत नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा इथे शाळेची बस चालवतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे हे ते सगळ्यांना सांगतात, आणि मला मात्र सतत वाटत असतं की बाकीच्यांना आधीपासून काहीतरी ठाऊक आहे, जे मला सांगायचं राहून गेलंय. पण दाराजवळच्या टेबलावर बसून गप्प राहता येत नाही.

माझं काम क्रूझच्या फाइली करण्याचं. इथला उन्हाळा सोसवेनासा झाला की दुबई-अबुधाबीतली आपली बरीच माणसं जहाजाने उत्तर युरोप बघायला जातात. आमच्या ग्रुपचं जहाज कोपनहेगनहून निघतं, नॉर्वेच्या दोन बंदरांना लागतं, मग एक दिवस स्कॉटलंडच्या एका बेटावर थांबतं, पुन्हा नॉर्वेत एक मुक्काम करतं आणि कोपनहेगनला परततं. बसणाऱ्याला हा एकच प्रवास वाटतो. भारतीय पासपोर्टवर मात्र तो तसा नसतो. डेन्मार्क आणि नॉर्वेसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, स्कॉटलंडसाठी ब्रिटनचा वेगळा. आणि स्कॉटलंडला गेलं की शेंगेनमधून बाहेर पडल्यासारखं होतं, म्हणून तो व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत शिरण्याचा लागतो. इथला रेसिडेन्स व्हिसाही परत आल्यावर काही महिने शिल्लक असावा लागतो. हे सगळं मला पहिल्या महिन्यात पाठ झालं. पाठ झालं म्हणून मला वाटलं की मला सगळं येतं.

मार्चमध्ये एका दुपारी ते काका-काकू आले. काका अबुधाबीत एका कन्स्ट्रक्शन कंपनीत स्टोअरकीपर होते, आता निवृत्त होऊन मुलाकडे तिथल्याच अल रीम आयलंडवर राहतात. मूळचे रायगड जिल्ह्यातले. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आईवडिलांना ही सहल दिली होती. काकूंनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "तिकडे रात्रीसुद्धा सूर्य मावळत नाही म्हणतात, खरं का गं?"

मी म्हटलं, "हो काकू, जूनमध्ये नॉर्वेच्या वरच्या भागात."

"मग झोपायचं कधी?"

"पडदे असतात," काका म्हणाले. ते माझ्याकडेच बघत होते. मी पुढे केलेला फॉर्म त्यांनी हातातही घेतला नाही. "पोरी, मला एक सांग. पासपोर्ट माझ्याजवळ राहणार ना? ते जहाजवाले काढून नाही ना घेणार?"

"नाही काका. तुमचा पासपोर्ट तुमच्याकडेच."

"नक्की?"

"हो काका, नक्की."

"मग खलास, झालं तर. लिही आमची नावं."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यातली एक निळी कापडी पिशवी बाहेर ओढली. काकूंनी हाताने शिवलेली, चेन लावलेली. त्यातून रबर बँड लावलेले दोन पासपोर्ट काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. मी स्कॅन करीपर्यंत ते टेबलापासून हलले नाहीत. व्हिसा सेंटरमध्येही बोटांचे ठसे देऊन झाल्यावर ते म्हणे तिथल्या माणसाला तीन-तीनदा विचारत होते, पासपोर्ट परत कधी, कोण आणून देणार, सही कोणाची. पासपोर्ट घरी येईपर्यंत मला रोज त्यांचा एक फोन यायचा. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, काळजी करतंय.

व्हिसे आले. दोन्ही आले. मे महिन्यात जहाज कंपनीची सूचनांची फाइल आली, वीसेक पानांची. एका संध्याकाळी ऑफिसात कोणी नव्हतं म्हणून मी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. सतराव्या पानावर लिहिलं होतं की व्हिसा लागणाऱ्या देशांच्या प्रवाशांचे पासपोर्ट चढतानाच जमा केले जातील, बंदरांवरच्या तपासणीसाठी जहाजाच्या रिसेप्शनवर ठेवले जातील आणि प्रवास संपताना परत दिले जातील. बंदरावर उतरताना जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स पुरेल.

मी ते पान तीनदा वाचलं. काकांना मी "नक्की" म्हटलं होतं तेव्हा ही फाइल आलेलीही नव्हती. पण मी विचारलंही नव्हतं कोणाला. त्यांनी विचारलं आणि मला उत्तर द्यायला आवडलं, इतकंच.

मी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या एजन्सीच्या मालकीणबाई. मूळच्या ठाण्याच्या, अठरा वर्षं इथे. स्वभावाने चांगल्या आहेत. माझ्या परीक्षेच्या दिवसांत माझं काम स्वतः करतात. त्या म्हणाल्या, "हे बघ, आत्ता सांगितलंस तर ते कॅन्सल करतील. मी ओळखते अशा लोकांना. आणि त्या काकू बिचाऱ्या नाचतायत नुसत्या. मी स्वतः ग्रुपबरोबर जाणार आहे ना? तिथे काउंटरवर सगळे देतात, तेपण देतील. पंचवीस माणसांसमोर कोण वाद घालतं?"

"पण मॅडम, मी त्यांना नक्की म्हटलं होतं."

"अगं, हे सगळ्यांनाच करावं लागतं. तू काय त्यांना फसवलंस का? यल्ला, चल, मीटिंगच्या झेरॉक्स काढ."

निघण्याच्या तीन आठवडे आधी ग्रुपची मीटिंग असते. ऊद मेथातल्याच एका हॉलमध्ये रविवारी सकाळी झाली. मॅडमनी कपडे, हवामान, जहाजावरची वेळापत्रकं सांगितली. एका वहिनींनी थंडीचं जॅकेट इथेच दीडशे दिरहमला घेतलं होतं, त्यांच्या यजमानांनी लगेच "म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या वर" असा हिशोब मोठ्याने केला आणि हॉल हसला. मग कस्टम्सबद्दल बोलायला मॅडमनी मला उभं केलं.

मी कागद वाचून सांगितलं की युरोपात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा.

"तूप?" कोणीतरी विचारलं.

"तूप नाही चालत."

"तूप म्हणजे दूध थोडंच आहे?"

"दुधाचंच आहे ते," मागून एक काका म्हणाले. "की म्हशीने थेट तूप दिलं तुमच्याकडे?"

"बेसनाचे लाडू?" हे आपल्या काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, "मला नक्की सापडलं नाही. तुपातले आहेत म्हणून न नेलेले बरे."

"आणि सुकट?"

मी कागद बघितला. मासळी ठरावीक वजनापर्यंत चालते, तिथे तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी तसं सांगितल्यावर हॉलभर हशा झाला. "लाडू नाही आणि सुकट चालते," कोणी म्हणालं, "गोरे लोक कोकणातले दिसतात." काकूंनी हसत काकांच्या दंडाला कोपर लावलं.

त्या हसण्यातच काकांच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं की पासपोर्ट सांभाळायची जोखीम फार, रोज बंदरावर घेऊन उतरायचं का? काका म्हणाले, "आपल्याजवळच ठेवायचा. या मुलीने मला सांगितलंय, कोणी घेणार नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. खात्रीने, जशी घरच्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कागद घडी केला आणि खाली बसले.

घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशीच्या मुलांची यादी बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मॅडम बरोबर की चूक असं काही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, "माझ्या बसचा रस्ता बदलला की मी आदल्या दिवशी एकेका आईला फोन करतो. काही ओरडतात. शाळेने सांगितलंय का, मग आम्हाला का नाही कळवलं, सगळं मी ऐकून घेतो. पण सकाळी कोणाचं पोर चुकीच्या कोपऱ्यावर उभं राहत नाही."

"पण ते जाणारच नाहीत, बाबा. काकूंचं काय?"

"ते त्यांचं त्यांना ठरवू दे ना. तू कोण ठरवणारी?"

पुढच्या शनिवारी मी अबुधाबीची बस पकडली. फोनवर सांगणं सोपं झालं असतं, पण मला ते जमणार नव्हतं. फोनवर मी "नंतर बोलते" म्हणून ठेवून दिला असता, हे मला माहीत होतं. दोन तासांचा रस्ता मी वाक्यं जुळवण्यात घालवला. अल रीम आयलंडवरच्या त्या उंच इमारतींमध्ये मला बरोबर टॉवर सापडायलाच अर्धा तास लागला. सिक्युरिटीवाल्याने हिंदीत विचारलं, "किसके घर, मॅडम?" मला कोणी मॅडम म्हणायची सवय नाही. मी मागे वळून बघितलं.

दार नातीने उघडलं. मी मराठीत विचारलं, तिने आत तोंड करून हाक मारली, "आजी, समवन फ्रॉम द ट्रॅव्हल ऑफिस." काकू मला बघून इतक्या खूश झाल्या की माझी जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच विस्कटली. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि बॅगेत काय काय भरलंय ते दाखवायला उठल्या. मी म्हटलं, "काकू, आधी मला काकांशी बोलायचं आहे."

काका बाल्कनीतून आत आले. मी उभी राहिले. मग सगळं एका दमात सांगून टाकलं. सतरावं पान, रिसेप्शन, जमा करणं, परत देणं. शेवटी म्हटलं, "मी तुम्हाला न वाचता नक्की म्हटलं. आणि मीटिंगमध्ये मला माहीत होतं तरी बोलले नाही. माझं चुकलं, काका."

काका सोफ्यावर बसले आणि शर्टावरूनच पिशवीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बस, पोरी."

मी बसले.

"आमच्या पहिल्या कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसात असायचे," ते म्हणाले. "लोखंडी कपाट. किल्ली एका माणसाकडे. रजेवर जायचं तर आधी अर्ज, मग सही, मग तो कपाट उघडणार. आम्हाला काही वाटायचं नाही त्याचं. सगळ्यांचंच तसं होतं. एकदा ईदच्या सुट्टीत गावाहून फोन आला, वडील गेले. मित्रांनी तिकीट काढून दिलं. मी ऑफिसात गेलो तर ऑफिस बंद. किल्लीवाला कुठल्यातरी गावी गेलेला. त्या वेळी मोबाइल कुठले? तीन दिवस मी त्या ऑफिसाच्या बाहेर बसलो. काचेतून कपाट दिसत होतं. हात लावावा इतक्या अंतरावर." ते थांबले. "मी घरी पोचलो तेव्हा पाहुणे परत निघाले होते."

मी खाली बघत होते. काका रोज मला फोन का करत होते ते मला तेव्हा कळलं.

"तुझ्यावर राग नाही," काका म्हणाले. "पण आम्ही नाही येणार. तुझ्या मॅडमना सांग."

काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आपण."

"मी जाणार आहे."

"एकटी?"

"पंचवीस माणसं आहेत. एकटी कशी?" त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "तुम्ही राहा घरी. पोळ्या फ्रिजरमध्ये ठेवून जाते."

"आणि पासपोर्ट देशील त्यांच्या हातात? अनोळखी माणसाच्या?"

"माझा पासपोर्ट माझ्या हातात होता कधी?" काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. साखर किती असं विचारावं तसं म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली मला इथे येऊन. बावीस वर्षं तो तुमच्या गळ्यात आहे. एअरपोर्टवर तुम्ही दाखवता, साहेब विचारतो ते तुम्ही सांगता, मी मागे उभी. ती पिशवी मीच शिवलीय. मी कधी म्हटलं का, माझा मला द्या? कधी पावती मागितली?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण तसं करणं आणखी वाईट दिसलं असतं. नातीने फोनमधून डोकं वर काढलं होतं.

काकांनी बायकोकडे बघितलं. त्यांनी बटण काढलं, पिशवी ओढली, चेन उघडली. रबर बँड काढला. दोन्ही पासपोर्ट वरून सारखेच दिसतात, म्हणून त्यांना एक उघडून बघावा लागला. तो त्यांचा होता. दुसरा त्यांनी काकूंपुढे धरला.

"घे."

काकूंनी आधी ओढणीला हात पुसले. मग घेतला. पहिलं पान उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शी, असा फोटो आहे होय? कोणी सांगितलं का नाही मला?"

काका हसले. पहिल्यांदा हसले. मग माझ्याकडे वळले. "मला काही लिहून हवंय. पासपोर्ट कोणाकडे राहणार, किल्ली कोणाकडे, आणि सुट्टीच्या दिवशी काय. ते आणून दे. मग बघू. इन्शाल्ला."

'इन्शाल्ला' इथे कोणीही म्हणतं, आणि त्याचा अर्थ बहुतेकदा 'होणार नाही' असा असतो. मी तो त्या दिवशी 'होईल' असा घेतला.

मॅडम रागावल्या. मी न विचारता अबुधाबीला गेले याचा त्यांना राग होता आणि तो रास्त होता. पण जहाज कंपनीला पाठवायचं पत्र त्यांनी स्वतः माझ्या शेजारी बसून दुरुस्त केलं. मला वाटलं होतं असल्या प्रश्नांना कोण उत्तर देतं. आलं मात्र. पासपोर्ट जहाजाच्या रिसेप्शनमागे बंद तिजोरीत राहतात. रिसेप्शन चोवीस तास उघडं असतं, किल्ली ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याकडे असते. तातडीची गरज पडली तर कुठल्याही वेळी पासपोर्ट परत मिळतो. मागितल्यास पावती दिली जाते. मी ते काकांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं.

"सुट्टी नाही, असं लिहिलंय?"

"कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, असं आहे काका."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मला माहीत नसलेला एक शब्द होता तिथे मी थांबले आणि म्हटलं, "याचा अर्थ मी मॅडमना विचारून सांगते." पूर्वी मी तो शब्द अंदाजाने सांगून पुढे गेले असते.

"बरं," काका म्हणाले. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. विमानाच्या दिवशी ते एअरपोर्टवर आले एवढं मला मॅडमच्या मेसेजवरून कळलं.

कोपनहेगनला चेक-इन दुपारी होतं, तेव्हा इथे संध्याकाळचे चार वाजले होते. मी टेबलावर कॉलेजची नोट्सची वही उघडून बसले होते आणि एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती. काउंटरवर जाऊन काका माघारी फिरले असते तर त्यांना परतीचं विमान शोधावं लागलं असतं, आणि काकूंना एकतर त्यांच्याबरोबर परतावं किंवा त्यांच्याशिवाय पुढे जावं लागलं असतं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते माझ्या त्या एका "नक्की"मुळे झालं असतं.

पाच वाजता मॅडमचा मेसेज आला. "दिला."

संध्याकाळी काकूंचा त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप आला. मागे खूप माणसं बोलत होती. "अगं, काउंटरवर एक गोरी मुलगी होती, तुझ्याएवढी असेल. मी माझा पासपोर्ट दिला आणि म्हटलं, रिसीट. तिने लगेच दिली, त्यावर सही केली. हे माझ्या मागे उभे. मला वाटलं आता हे फिरतात मागे. तिने हात पुढे केला. यांनी तिला विचारलं, किल्ली कोणाकडे? मॅडमनी इंग्लिशमध्ये सांगितलं तिला. ती हसली नाही गं. उठली, यांना आत नेऊन तिजोरी दाखवली. बाहेरूनच, पण दाखवली. मग यांनी दिला. आता पावती पिशवीत घालून गळ्यात घातलीय. जेवताना पण."

मी तो निरोप बाबांना ऐकवला. त्यांनी तो दुसऱ्यांदा ऐकला आणि म्हणाले, "त्या मुलीचं देव भलं करो." मलाही तसंच वाटलं. कोपनहेगनच्या त्या मुलीला हसून टाळता आलं असतं. मागे शंभर माणसांची रांग होती. ती उठली.

त्यानंतर रोज काहीतरी यायचं. काकूंनी खिडकीचा पडदा लावलाच नाही आणि तीन रात्री झोपल्या नाहीत, असं काकांनी कळवलं. लाडू नव्हते, सुकट होती, पण जहाजावर ती काढली तर वास येईल म्हणून कोणी काढली नाही. नॉर्वेच्या एका बंदरावर उतरल्यावर कस्टम्सच्या माणसाने सगळ्या बॅगा सोडून त्या वहिनींच्या दीडशे दिरहमच्या जॅकेटची चौकशी केली, कुठे मिळालं म्हणून.

स्कॉटलंडच्या सकाळी मात्र तपासणीसाठी सगळ्यांना रिसेप्शनवरून स्वतःचा पासपोर्ट घेऊन ब्रिटिश अधिकाऱ्यासमोर जायचं होतं. तो अधिकारी जहाजावरच टेबल टाकून बसला होता. त्या दिवशीचा निरोप लांबलचक होता. मी तो ऑफिसात ऐकला, मग जिन्यात जाऊन पुन्हा ऐकला.

काकूंनी सांगितलं की रिसेप्शनवर पावती दाखवून त्यांनी आपला पासपोर्ट आपण घेतला. काका नेहमीसारखे पुढे झाले, दोन्ही पासपोर्ट घ्यायला हात मागे केला. काकूंनी दिला नाही. मग रांगेत काकू पुढे आणि काका मागे असं झालं, कसं झालं ते त्यांनाही कळलं नाही.

"साहेबाने मला विचारलं गं. मला. यांना नाही. किती दिवस राहणार म्हणे. मी म्हटलं, वन डे. इव्हनिंग शिप. मग विचारलं, हू आर यू ट्रॅव्हलिंग विथ? मी मागे बोट केलं आणि म्हटलं, हजबंड. तो म्हणाला, वेलकम. मग यांची पाळी आली. यांना काही विचारलंच नाही त्याने. नुसता फोटो बघितला आणि परत दिला. हे जरा नाराजच झाले."

मागून काकांचा आवाज आला, "नाराज कशाला? लवकर सुटलो."

"ऐक," काकू म्हणाल्या, "खोटं बोलतायत."

परत आल्यावर ते दोघे ऑफिसात आले. काकांनी मला एवढंच सांगितलं, "तू आधी सांगितलंस म्हणून दिला. तिथे काउंटरवर एकदम मागितला असता ना, तर मी नसता दिला. परत निघून आलो असतो आणि ही माझ्याशी आयुष्यभर बोलली नसती." मग ते मॅडमशी पुढच्या वर्षाच्या सहलींबद्दल बोलायला आत गेले.

मी त्या दोघांची ऋणी आहे, पण ते त्यांना कसं सांगावं ते मला त्या दिवशीही सुचलं नाही. एका मुलीने चुकीचं उत्तर दिलं, वर लपवलं, आणि तरी तिला "बस, पोरी" म्हणून शेजारी बसवून काकांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी घरी येऊन रडले असते आणि विसरले असते. आता दारातून कोणी आत आलं आणि प्रश्न विचारला की मी आधी पान उघडते. मॅडम म्हणतात मी फार हळू काम करते. ते खरं आहे.

काकू माझ्या टेबलापाशीच थांबल्या होत्या. त्यांनी पर्समधून आपला पासपोर्ट काढला आणि ब्रिटनचा शिक्का असलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. मी बघत असताना त्यांनी त्यावर हात ठेवला नव्हता, नुसत्या उभ्या होत्या.

"बघून झालं की दे," त्या म्हणाल्या, आणि काका काय ठरवतायत ते बघायला आत गेल्या.